चिरंजीवांचे पांढरे बूट

मंडळी, वारज्याच्या रस्त्यांवर कॅनव्हासचे पांढरे बूट पांढरे राहत नाहीत, या राष्ट्रीय संकटावर आज सकाळी आमच्या घरात तातडीची बैठक झाली.

उद्या आमचे चिरंजीव एका मुलीला पहिल्यांदाच भेटायला जाणार आहेत. आयटीत असल्यामुळे त्यांना सगळं येतं, फक्त स्वतःचे बूट धुता येत नाहीत.

मी ते साबणाने घासले आणि म्हटलं, "आता नीळ थेंबभर पुरे."

"आई, दोन झाकणं ओत. मी व्हिडिओ बघितलाय."

ओतली. बूट मोरपंखी निघाले.

"एक काम धड येत नाही तुला! दिवसभर घरीच तर असतेस!" चिरंजीवांच्या फोनवर मित्र होता. तो खदखदून हसला.

शाळेत दर शनिवारी पीटीचे पांढरे बूट कोण धुऊन द्यायचं, हे मी विचारणार होते.

मुलींच्या आयांनो, खरं सांगा, असा जावई चालेल?

बादलीत निळं पाणी उरलं होतं. पाणी वाया घालवणं आमच्या रक्तात नाही. उद्यासाठी इस्त्री करून ठेवलेला त्याचा पांढरा शर्ट मी हळूच त्यात बुडवला.