साडेचारचं ताट

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा जळगावात आमच्या गॅलरीत मी वाळलेले कपडे काढत होते. दुपारी जरा पडते म्हणाली ती उठलीच नाही, एवढंच भाऊजी बोलले. चार वाजून गेले होते. मन मोठं चमत्कारिक असतं... सख्खी मोठी बहीण गेली, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की आता साडेचारचा वर्ग कोण घेणार?

हा वर्ग म्हणजे अक्काचं उतारवयातलं वेड. भुसावळच्या एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून ती निवृत्त झाली आणि सावद्याला, केळीच्या मळ्याला लागून असलेल्या घरात रमली. तिचा एक जुना विद्यार्थी चीनमध्ये नोकरीला होता. त्याच्या इमारतीतल्या दोघांना रोजच्या वापरातलं इंग्रजी बोलायला, वाचायला शिकायचं होतं, पण क्लासात तरुण पोरांमध्ये बसायला लाज वाटायची. "बाई, तुम्ही व्हिडिओ कॉलवर बोलाल का त्यांच्याशी?" त्यानं विचारलं. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, तशी बाईंची गत झाली. एक होती मेई, आईबरोबर नूडल्सचं दुकान चालवणारी. दुसरे वू, निवृत्त बसड्रायव्हर. त्यांची नात परदेशात वाढत होती, तिला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं, आणि आजोबांना तिच्याशी चार शब्द बोलायचे होते. अक्कानं पहिल्याच दिवशी त्यांचे 'वूआबा' करून टाकले.

सुरुवातीला तिनं पुस्तकाप्रमाणे 'हाऊ आर यू' शिकवलं. दोघंही 'फाइन, थँक यू' म्हणायचे आणि पुढे बोलणंच खुंटायचं. एक दिवस आबांचा चेहरा उतरलेला दिसला आणि आपल्याकडे दारात आलेल्या कुणालाही आपण जे विचारतो तेच अक्काच्या तोंडून निघून गेलं. "हॅव यू ईटन?" आबा चमकले, मग खुदकन हसले. त्यांच्याकडेही म्हणे भेटल्यावर लोक हेच विचारतात. त्या दिवसापासून 'हाऊ आर यू' वर्गातून हद्दपार झालं. जेवलात का, हा पहिला प्रश्न. नुसतं 'हो' चालणार नाही, काय जेवलात ते सांगायचं, आणि जमलं तर ताट कॅमेऱ्यासमोर धरायचं, असा नियमच झाला. पुढे आबांनी नातीला फोनवर हेच विचारलं, आणि ती पोरगी म्हणे डब्यात काय काय होतं ते कितीतरी वेळ सांगत बसली. हे अक्कानं मला त्या आठवड्यात तीनदा सांगितलं.

तिकडे ती रात्रीच्या जेवणाची वेळ, आपल्याकडे चहाची. म्हणून अक्का दुपारचं एक ताट मुद्दाम झाकून ठेवायची... वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, कधी शेवभाजी. "देवाला नैवेद्य चुकेल, वूआबांना नाही चुकणार," असं मी चिडवायची. उन्हाळ्यात तिच्याकडे गेले की त्या वेळी मला अर्धवट डुलकी लागलेली असायची. खिडकीबाहेर केळीची पानं सळसळायची, त्यांचं हिरवं ऊन भिंतीवर हलत राहायचं, आणि त्यातून लांबच्या कुठल्या शहरातला तो जाडाभरडा आवाज यायचा, "ट...र्म...रिक." वाचनाच्या सरावासाठी तिनं स्वयंपाकघरातल्या एकूण एक डब्यावर इंग्रजी नावं मोठ्या अक्षरांत चिकटवली होती. एकेक डबा कॅमेऱ्यासमोर यायचा आणि ती दोघं अक्षर लावायची. झोपेत मला वाटायचं, चीन मळ्याच्या बांधापलीकडेच आहे. शेजारच्या खोलीत झोपाळ्यावर भाऊजी पडलेले असायचे. "तुही अक्का चीनले हयद दाखवून राह्यली," असं म्हणून स्वतःशीच हसायचे. हळदीला हयद म्हणणारा, स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा न जाणारा माणूस. पण वर्गातलं एकही वाक्य त्यांनी कधी चुकवलं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

अक्का गेल्यावर मी तिथेच राहिले. भाऊबंदांकडून डबे यायचे आणि जवळजवळ तसेच परत जायचे. "भूक नाही व, शोभा," एवढंच भाऊजींचं उत्तर. अंगातला सदरा दिवसेंदिवस सैल होत चालला होता. तिच्या मागोमाग हेही जाणार, अशी भीती मला खरोखरच वाटू लागली. आग्रह करून पाहिला, रागावून पाहिलं, रडूनही पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि एका दुपारी साडेचारला अक्काचा टॅब वाजला. त्या विद्यार्थ्यानं दोघांना सगळं सांगितलेलं होतं. भाऊजी समोर बसले. आबांनी दुःखाचं एक छापील वाक्य कागदावरून अडखळत वाचलं, मग कागद बाजूला ठेवला. त्यांच्या पुढ्यात वाफाळता वाडगा होता.

"हॅव यू ईटन?" त्यांनी विचारलं.

"यस, ईटन," भाऊजी पटकन म्हणाले.

"व्हॉट डिड यू ईट?" मेईनं विचारलं. नियम तो नियम.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. दुपारचा डबा न उघडलेला तसाच कोपऱ्यात होता. "तिच्या वर्गात खोटं कसं सांगू व, शोभा?" ते म्हणाले. मग स्क्रीनकडे वळून मान हलवली, "नो ईटन. सॉरी."

आबांनी हातातल्या जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. "वी वेट," ते म्हणाले. मेईनंही आपला वाडगा बाजूला सरकवला.

मी डबा उघडला. थंडगार वरण-भात. भाऊजींनी एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग रडत रडत जेवत राहिले. तिकडच्या वाडग्यांची वाफ विरून गेली तरी ती दोघं थांबली होती.

आता मी जळगावला परतले आहे. सकाळी कधीतरी सावद्याहून फोन येतो. "शोभा, टी-यू-आर... हे हयदच ना?" पडद्यापलीकडच्या माणसांसाठी अक्कानं चिकटवलेली ती नावं आता घरच्याच माणसाला स्वयंपाक शिकवतात. आपलं सातवीपर्यंतचं इंग्रजी पुरतंय म्हणतात. साडेचारला मात्र ते माझा फोन उचलत नाहीत, आणि उचलत नाहीत याचं मला बरं वाटतं.

परवा वरण-बट्टी केली होती त्यांनी. बट्टी करपली, वरणात पाणी जास्त झालं. तरी ताट वाढून कॅमेऱ्यासमोर धरलंच.

"काय म्हणाले वूआबा?" मी विचारलं.

"गुड म्हने. मंग जरासे थांबले... अन् म्हने, टीचर्स बेटर."

"मग?"

"मंग काय? यस म्हटलं."