दोन्हीकडून तेच आकडे

माझी मावशी समुद्र संशोधनाच्या कचेरीत आकडे वाचायची. समुद्र तिने पाहिला तो फक्त कागदावर. जहाज आपल्यामागे चुंबकत्व मोजायचं यंत्र ओढत न्यायचं, यंत्राचं पेन कागदाच्या गुंडाळीवर नागमोडी रेघ काढायचं आणि मावशी त्या रेघेवर पट्टी ठेवून दर सेंटिमीटरला तिची उंची लिहायची. अकरा वर्षं हेच. कचेरीत तिला पट्टीबाई म्हणत, आणि ते तिला आवडायचंही.

त्या दिवशीची गुंडाळी समुद्राखालच्या लांबलचक डोंगररांगेवरून आलेली. डोंगराच्या अलीकडचे आकडे लिहून झाले, पलीकडचे घेतले आणि मावशीचा हात थांबला. जवळजवळ तेच आकडे, पण उलट्या क्रमाने! तिने गुंडाळीचा कागद डोंगराच्या जागी दुमडला आणि खिडकीच्या काचेवर धरला. प्रत्येक उंचवटा उंचवट्यावर बसला. अंगावर काटा आला, असं ती अजून सांगते, आणि सांगताना तो परत येतो.

साहेबांना मात्र काही झालं नाही. कंटाळा आला म्हणून तुम्ही पहिलेच आकडे उलटे उतरवलेत, असं म्हणून त्यांनी तिला सोमवारपासून येऊ नका असं सांगून टाकलं. खंड पूर्वी जोडलेले होते आणि सरकत दूर गेले, ही कल्पना तशी जुनीच. पण त्यांना ढकलतं कोण, हे कुणाला सांगता येईना, म्हणून साहेबांसारखे लोक त्या कल्पनेची टिंगल करत. आणि इथे तर उत्तर टेबलावर पडलेलं! डोंगराच्या फटीतून तापलेला खडक वर येतो, थिजताना त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. ती दिशा अधूनमधून उलटते, म्हणून दोन्हीकडे चुंबकत्वाचे सारखेच पट्टे, आणि सारखेच आकडे. म्हणजे समुद्राचा तळच सरकतोय. असे पट्टे पुढे जागोजागी सापडले आणि पृथ्वीचं कवच सरकत्या तुकड्यांचं, भूपट्टांचं आहे, हे शाळेतसुद्धा शिकवू लागले.

पण तेव्हा मावशीला त्याचं काय! तिला चोर ठरवलं होतं, आणि ते तिला खपणारं नव्हतं. तिने गुंडाळी साहेबांपुढे पसरली, पट्टी त्यांच्या हातात दिली, अलीकडच्या आकड्यांचा कागद घेतला आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली. पलीकडचं तुम्हीच मोजा, म्हणाली. साहेब डोंगरापासून मोजत निघाले. चार आकडे झाले आणि मावशीच आपल्या कागदावरचे आकडे शेवटाकडून वाचत आधी सांगू लागली.

"आता एकतीस."

एकतीस निघाले.

"आता उतार. बारा."

साडेबारा. एव्हाना सगळी कचेरी भोवती गोळा झाली होती. तिसाव्या आकड्याला साहेबांनी पट्टी खाली ठेवली आणि चष्मा पुसला. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि तो रागाने नव्हे. हा शोध आपल्या एका संशोधक मित्राला कळवायला त्यांनी फोनकडे झेप घेतली, तर रिसीव्हरवर मावशीचा हात.

"खंड कोट्यवधी वर्षं सरकतायत साहेब, अजून पाच मिनिटं सरकू देत. आधी या सगळ्यांसमोर म्हणा, मी आकडे चोरले नाहीत."

साहेब उठून उभे राहिले. "बाईंनी आकडे चोरले नाहीत," ते म्हणाले. "चूक माझी होती."

तेव्हा कुठे मावशीने हात उचलला.