बिनसेलची बॅटरी आणि अंजनेरीचा चकवा

तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे, तरी सांगतो. चहा घ्या आधी. त्या दिवशी अंजनेरीच्या डोंगरावर माझी जी गाळण उडाली, ती अजून विसरलो नाही. आणि मी कोण? विज्ञानाचा मास्तर!

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. मेन रोडवर एका फेरीवाल्याकडून मी हलवायची बॅटरी घेतली. सेल नाही की काही नाही! पारदर्शक नळी, आत घरंगळणारं चुंबक आणि मधे तांब्याच्या तारेचं वेटोळं. हलवली की चुंबक वेटोळ्यातून खटखट ये-जा करतं, तारेत वीज तयार होते, ती आत थोडी साठते आणि पुढचा इवलासा पांढरा दिवा लागतो. येईल त्याला मी हेच समजावत होतो. सुनंदा, म्हणजे आमची बायको, वैतागून म्हणाली, "अहो, कुकरच्या शिट्ट्या तरी ऐकू द्या!"

श्रावणात मेहुणा आला, देवळ्याचा प्रकाश. कांद्याची शेती, गडी दणकट. तिघं अंजनेरीला गेलो. वर देवीचं दर्शन घेऊन परत फिरलो आणि धुकं उतरलं. धुकं कसलं? भर दुपारी कुणी डोळ्यांवर ओलं धोतर टाकावं तसं! पुढे चालणारा प्रकाश दिसेना. वरून ढगांनी अंधारून आलेलं, वाट गवतात गडप. आणि कडा कुठे सुरू होतो, देवालाच माहीत.

"घाबरू नका," मी म्हणालो, "माझ्याकडे होकायंत्र आहे. पायऱ्या उत्तरेच्या अंगाला आहेत."

उजव्या तळहातावर होकायंत्र, डाव्या हातात बॅटरी. खटखट हलवायची, काचेवर उजेड पाडायचा, सुई दाखवेल तिकडे निघायचं. सुई म्हणाली डावीकडे. वळलो. परत डावीकडे. परत वळलो.

बऱ्याच वेळानं प्रकाश थबकला. "दाजी, ही केळाची साल माझीच हाय. मघाशी टाकलेली."

"केळी काय तू एकटाच खातोस?"

पुढच्या खेपेला पुन्हा तीच साल! त्याच्या पुढच्या खेपेला मात्र दिसली नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात माझ्या पायाखालचा दगड सुटला आणि खाली गेला. आणि आवाज? आवाजच आला नाही हो! सुनंदानं मागून शर्ट पकडला नसता, तर आज हा चहा तुम्ही माझ्या फोटोसमोर पीत असता.

तिघंही मटकन खाली बसलो. प्रकाशचा आवाज अगदी बारीक झाला होता. "दाजी, चकवा लागलाय. एकाच जागी फिरवतोय आपल्याला. लय वाईट असतो."

"चकवाबिकवा काही नसतं!" मी ओरडलो आणि जोरात बॅटरी हलवली. होकायंत्राकडे पाहतो तर काय? सुई अंगात आल्यासारखी डोलत होती! इकडून तिकडे, तिकडून इकडे. वारा नाही, धक्का नाही!

मी हळूच विचारलं, "प्रकाश, चकव्यावर उतारा काय रे?"

"सदरा उलटा घालायचा."

घातला! सुनंदाच्या हातात बॅटरी कोंबली, होकायंत्र दगडावर ठेवलं आणि कुडकुडत शर्ट काढून उलटा चढवला. सुनंदा दोन पावलं मागे सरकली होती. सुई शांत झाली.

"गेला!" प्रकाशनं हात जोडले. मीही जोडले. खोटं कशाला बोलू?

सुनंदा बॅटरी घेऊन दोन पावलं पुढे आली. सुई टुणकन तिच्याकडे वळली. मागे गेली, सुई जागेवर.

"अहो, या बॅटरीत काय असतं म्हणालात?"

"चुंब..." मी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. इतका वेळ मी माझ्याच डाव्या हाताच्या मागे फिरत होतो!

बॅटरी प्रकाशकडे दिली, त्याला बराच मागे चालायला लावलं, होकायंत्र सुनंदानं धरलं. दगड चाचपत, एकेक पाऊल टाकत निघालो. शेवटी पायऱ्या सापडल्या.

खाली चहाच्या टपरीवरच्या आजीनं माझा उलटा शर्ट निरखून पाहिला. "चकवा लागला व्हता का गं बाई?"

सुनंदानं शांतपणे बशीत चहा ओतला. "लागला कसला आजी? माझ्या वडलांनीच शोधून दिलाय!"