कोरडेंनी घातलेलं तेल

माझ्या धाकट्या दिराचं आडनाव कोरडे नाही. रायफली दुरुस्त करण्याच्या कारखान्यात तो दिवसातून वीसदा "पिस्टन कोरडा ठेवा रे!" म्हणून ओरडायचा, म्हणून सोबत्यांनी ते चिकटवलं. नव्या साहेबांना ते खरंच वाटलं.

त्या सकाळी चाचणीत रायफल एक गोळी झाडून अडली. रिकामी पुंगळी अर्धी आत, अर्धी बाहेर. पुन्हा तेच.

साहेब म्हणाले, "कोरडे, गॅस कमी पडतोय. नळीचं भोक मोठं करा. चार वाजता बघतो. जमत नसेल तर तुमच्या टेबलावर दुसरा माणूस बसेल."

हे भोक काय, ते सांगते. मी विज्ञान शिकवलंय, पण लांबण लावणार नाही. गोळीला नळीतून पुढे रेटतो तो गॅस. गोळी भोकापलीकडे गेली की थोडा गॅस त्यातून शिरून पिस्टनला मागे ढकलतो, पिस्टन बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या लोखंडी दांड्याला. पुंगळी उडते, स्प्रिंग बोल्टला पुढे आणते, नवी गोळी आत बसते. रेटा कमी पडला की सगळं अर्ध्यावर. जास्त झाला की बोल्ट दणादण आपटतो आणि एक दिवस तडकतो, तोही जवानाच्या गालापाशी.

दिराने रायफल खोलली. पिस्टनवर जळक्या तेलाचा काळा चिकटा, त्यातच तो अडकत होता! आदल्या खेपेला ती साफ केली होती त्यानेच. सफाईच्या द्रावणाची आणि तेलाची बाटली सारखीच, आणि चष्मा महाशयांच्या खिशात. चष्म्यात म्हातारा दिसतो म्हणे! किती डोकेफोड केली होती मी त्यावरून.

भोक वाढवलं असतं तर रायफल चालली असती, चूकही झाकली गेली असती; पण पुढच्या सफाईत चिकटा निघाला की रेटा जास्त झाला असता. ड्रिल हाताशीच होतं.

"वहिनी, उचललंही होतं मी ते," नंतर मला म्हणाला.

ठेवलं खाली. पिस्टन खरवडला, पुसला, कोरडा केला.

चार वाजता दहा गोळ्या. दहाही पुंगळ्या उडाल्या.

"किती वाढवलंत भोक?"

"नाही वाढवलं, साहेब. पिस्टन पुसला. तेल मीच घातलं होतं, चुकून."

साहेबांनी वही उघडली.

"चूक नोंदवावी लागेल. टेबल तुमचंच राहील, पण चष्मा नाकावर हवा. कोरडेच ना आडनाव?"

दिराने खिशातून चष्मा काढून लावला.

"नाही, साहेब. आणि आज तर ते मुळीच लिहू नका."