तळ्यात पाणी सोडण्याआधी

आमच्या प्लांटवर किस्से गाळासारखे साचतात. उपसायला कुणी येत नाही. नागपूरचं सांडपाणी आमच्याकडे येतं आणि शुद्ध होऊन शेजारच्या तळ्यात जातं. त्यात नायट्रोजन-फॉस्फरस उरलं, की शेवाळाला आयतं खत मिळतं, तळं हिरवंगार होतं आणि मासे गुदमरतात. असं एकदा झालंय. पांढऱ्या पोटांनी भरलेलं ते तळं आम्ही कुणी विसरलेलो नाही.

तेव्हा तळ्यावर मासे धरणाऱ्या ताराबाई जिवंत मासोळ्यांनी भरलेला पितळी गुंड घेऊन थेट ऑफिसात आल्या. "तुमचा रिपोर्ट मले वाचता येत नाही. ह्या जगल्या तरच पाणी सोडत जा!"

म्हणून गेटजवळच्या खोलीत आमच्या शुद्ध पाण्यानं भरलेली मासोळ्यांची काचेची टाकी आहे. तळ्याकडचं गेट उघडण्याआधी ऑपरेटर वासुदेवभाऊ टाकीकडे पाहून विचारतात, "सोडू का?"

*

नव्या इंजिनिअर मॅडम पुण्याच्या. पहिल्याच दिवशी हसल्या. "मासे उत्तर देतात का?"

"नाही देत, मॅडम. पण न विचारता सोडलं तं हात जड होते!" वासुदेवभाऊ म्हणाले.

काही दिवसांनी मॅडमच टाकीपुढे वाकून विचारताना सापडल्या, "सोडू का हो?" आम्ही हसणार होतो. पण सगळ्या मासोळ्या वळून त्यांच्याचकडे बघत होत्या.

*

एरवी मासोळ्यांची तोंडं तळ्याच्या दिशेला असतात. एकदा साफसफाईत टाकी फिरवून उलट बाजूनं ठेवली गेली. चहा पिऊन आलो, तर सगळ्या पुन्हा तळ्याकडे!

"उजेडाकडे वळल्या असतील," मी म्हणालो.

"खिडकी तिकडं हाय, सर," वासुदेवभाऊ म्हणाले. खिडकी खरंच मागच्या बाजूला होती.

*

मोठे साहेब येणार म्हणून सुपरवायझरनं सीताबर्डीच्या बाजारातून रंगीत मासे आणून टाकीत सोडले. सकाळी पाहतो तर रंगीत मासा एकही नाही! ताराबाईंच्या मासोळ्या मात्र सगळ्या जागेवर.

"बोक्यानं नेले असतील," सुपरवायझर म्हणाला.

टाकीवर झाकण होतं, झाकणावर दगड होता. वासुदेवभाऊ म्हणाले, "झाकण लावून, वरून दगड ठेवून जाणारा बोका मले दाखवा गा एकदा!"

*

गेल्या मे महिन्यात काच तडकली. मासोळ्या ताराबाईंकडे तळ्यावर पाठवल्या. टाकी कोरडीठाक. पण सवय ती सवय! भर दुपारी वासुदेवभाऊंनी गेटच्या चाकाला हात लावला आणि रिकाम्या टाकीकडे पाहून विचारलं, "सोडू का?"

"नको."

मी ऐकलं. मॅडमनी ऐकलं. वासुदेवभाऊंनी चाक सोडून दिलं. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, तोंड कुणाचंच उघडलं नव्हतं.

"पाणी मागे फिरवा," मॅडम एवढंच म्हणाल्या.

मी सॅम्पल तपासलं. नायट्रोजन भलतंच वाढलेलं! शुद्धीकरणाच्या हौदाच्या तळाशी हवेचा पाइप फुटला होता आणि मैला खाणारे जंतू हवेवाचून मरत होते. गेट उघडलं असतं तर तळं पुन्हा मेलं असतं.

संध्याकाळी ताराबाई आल्या. वासुदेवभाऊंनी त्यांना सगळं सांगितलं. आम्हाला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत.

"'नको' हळूच म्हटलं, का ओरडून?"

"हळूच म्हटलं वं, ताराबाई."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "मंग अजून राग नाही आला तळ्यातल्यायले."