त्याच धातूचा रॉड

लातूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा ओतकारखाना होता. जागा थोरल्या भावाच्या नावावर. तो नांदेडला राहत असे. ओतकाम आणि वेल्डिंग चाचा पाहत. ते उदगीरचे, वडिलांच्या काळापासून आमच्याकडे. या दोघांच्या मध्ये मी होतो. माझ्याकडे पॉलिटेक्निकची पदविका होती आणि कोणालाही न दुखावता दिवस काढण्याची सवय होती. त्या सवयीला मी बराच काळ सद्गुण समजत आलो.

पाण्याच्या मोटारींचे बिडाचे भाग आणि तेलघाण्यांची दुरुस्ती यांवर आमचं चाललं होतं. ते काम आटत गेलं आणि शहरात क्लासेस वाढत गेले. शेजारच्या शेडमधली लेथ निघून गेली आणि तिथे प्लायवुडचे कप्पे ठोकून अभ्यासिका निघाली. आमच्या जागेलाही मागणी आली, तेव्हा दादाने नांदेडहून येऊन समोरासमोर सांगितलं. पुण्याच्या एका पंप कंपनीने डुप्लेक्स स्टीलचं एक केसिंग, म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच, आमच्याकडून ओतून मागितलं होतं. ते चाचणीत उतरलं तर भट्टी राहील, नाही तर जागा क्लासवाल्यांची. चाचा तेव्हा साठीच्या पुढे होते. ही भट्टी विझली तर त्यांना दुसरीकडे कोणी उभं करणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, आणि तिघांपैकी कोणी ते बोललं नाही.

डुप्लेक्स हे खाऱ्या पाण्यालाही दाद न देणारं स्टेनलेस स्टील. त्याच्या पोटात दोन जातींचे कण निम्मे निम्मे नांदतात आणि त्याचं सगळं बळ त्या निम्मेपणात असतं. ओतल्यावर ते भट्टीत लाल तापवून एकदम पाण्यात बुडवावं लागतं, म्हणजे ही वाटणी जागेवर बसते. तेवढी मोठी भट्टी आमच्याकडे नव्हती. केसिंग बाहेरगावी जाऊन तसं होऊन आलं, आणि लेथवर चढवल्यावर त्याच्या कडेला एक पोकळी उघडी पडली. ती खरवडून वेल्डिंगने भरायची होती.

आमच्याकडे एक रीत होती. कुठलंही ओतकाम करताना त्याच लेडलमधला, म्हणजे ओतायच्या मोठ्या पळीतला, थोडा रस वाळूत पाडलेल्या बारीक चरांत सोडायचा. त्याचे रॉड होत. पुढे त्या ओतकामात खोट निघाली तर ती त्याच्याच रॉडने भरायची, परक्या धातूने नाही. बिडाच्या कामात या रीतीने आम्हाला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं. वडिलांनी ती चालवली, चाचांनी जपली आणि मला ती जवळजवळ धर्मासारखी वाटे. डुप्लेक्सच्या वेळीही चाचांनी असे रॉड पाडून ठेवले होते. कंपनीने सोबत पाठवलेले रॉड वेगळे होते. त्यांत निकेल केसिंगपेक्षा जास्त होतं. चाचांनी दोन्ही माझ्यासमोर ठेवले.

"बोला छोटे शेठ, घरचा का भायेरचा?"

मी म्हणालो, धातू जुळतो तोच घालू. चाचांनी मान हलवली. त्यांच्याही मनात तेच होतं. कंपनीने जास्त निकेलचे रॉड का दिले असतील, हे मी विचारलं नाही. देणाऱ्याने हाताशी होते ते दिले असतील, असं समजलो. भरण इतकं सफाईदार झालं की घासल्यावर जोड कुठे आहे ते बोटाला कळेना.

चाचणीच्या दिवशी कंपनीच्या तपासनीस मॅडम आल्या, दादाही आला. केसिंगची तोंडं बंद करून आत पाणी भरलं आणि हातपंपाने दाब चढवू लागलो. काटा खुणेच्या जवळ गेला आणि आवाज झाला. स्फोटाचा नव्हे, जाड खडक उकलावा तसा, कोरडा आणि खोल. त्यानंतर काय झालं ते मला बाहेर अंगणात उभं राहिल्यावर कळलं. आम्ही सगळे धावत सुटलो होतो. लातूरच्या भूकंपाला कितीतरी वर्षं लोटली होती, पण पाय कोणाला विचारत नाहीत. चाचांनी माझं मनगट धरलं होतं आणि ते सोडायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. अभ्यासिकेतली मुलं दारात येऊन आमच्याकडे बघत हसत होती. ती भूकंपानंतर जन्मलेली. त्यांना आमचं धावणं गमतीचं वाटलं.

आत आलो तर भरणाच्या मधोमध तडा गेला होता आणि त्यातून पाणी झिरपत होतं. मॅडमनी जोड कापायला लावला. तुटलेला पृष्ठभाग साखरेसारखा चमकत होता. स्टील असं तुटताना मी पाहिलं नव्हतं. ते आधी वाकतं, ओढलं जातं. हे काचेसारखं गेलं होतं.

मॅडम रागावल्या नाहीत. केसिंगसोबत बाहेरगावच्या भट्टीतून आलेल्या चाचणीच्या पट्ट्या त्यांनी मागवल्या, दोन जोड करायला सांगितले, एक घरच्या रॉडने आणि एक कंपनीच्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही पट्ट्या शिकंज्यात धरून वाकवल्या. घरची कट्कन तुटली. दुसरी दुमडून हेअरपिनसारखी झाली तरी तिच्यावर चरा उमटला नाही.

त्या म्हणाल्या, "वेल्डचा थेंब झटकन थिजतो. दोन जातींपैकी एकीला तयार व्हायला वेळच मिळत नाही, आणि जोड एकाच जातीचा, ठिसूळ होतो. निकेल त्या मागे पडणारीला हात देतं. सगळं परत भट्टीत तापवून बुडवलं असतं, तर तुमचा रॉड चालला असता."

चाचांनी तुटलेला तुकडा उचलून उजेडाकडे फिरवला. मग म्हणाले, "आपलंच दूध आपल्याच लेकराला बाधलं म्हनायचं."

मला धक्का बसला तो तड्याचा नव्हता. ज्याला मी निष्ठा म्हणत होतो, तिच्यात विचारण्याचा आळस किती होता, ते त्या तुकड्याने दाखवलं. बीड आणि हे स्टील एकाच लेडलमधून वाहतात म्हणून त्यांचा स्वभावही एकच, असं मी धरून चाललो होतो. शेजारी बसलेल्या माणसांविषयीही मी असंच किती धरून चालतो, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

जोड पार खरवडून काढला, कंपनीच्या रॉडने पुन्हा भरला. दुसऱ्या चाचणीला मुलं आधीपासूनच दारात येऊन थांबली होती. काटा खुणेवर गेला आणि तिथेच राहिला. एका मुलाने निराश होऊन विचारलं, आज पळणार नाही का?

मॅडमनी केसिंग पास केलं. आम्ही दादाकडे पाहिलं. त्याने नांदेडची गाडी गाठायची म्हणून पिशवी उचलली होती.

"पहिलं फुटलं, दुसरं टिकलं," तो म्हणाला. "म्हणून अर्धी जागा क्लासला, अर्धी तुम्हाला."

"अर्ध्यात भट्टी, अर्ध्यात अभ्यास?" चाचा म्हणाले. "पोरांचं डोस्कं लई तापंल की, मोठे शेठ."

दादा हसला, पण निर्णय बदलला नाही. महिन्याभरात मध्ये विटांची भिंत उभी राहिली. ग्राइंडर चालवायच्या वेळा पलीकडच्या परीक्षांवर ठरू लागल्या. चाचा त्यावरून रोज कुरकुरत आणि रोज कामावर येत.

पुढचं केसिंग आलं, तेव्हा त्यांनी घरचे रॉड पाडले नव्हते. खोट दाखवत ते म्हणाले, "छोटे शेठ, याला कोन्ता?"

मी पुण्याला फोन लावला. ते शेजारी उकिडवे बसून राहिले.