मिसेस बेलचं इंग्लंड

आमच्या बाईंनी भांडी घासणाऱ्या पारूला पहिल्यांदा "आभारी आहे" म्हटलं, तेव्हा पारू घरी जाऊन ढसाढसा रडली. तिला वाटलं, आपल्याला कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा हात जोडून बाईंच्या ओटीवर हजर झाला, काय चुकलं असंल तर पदरात घ्या म्हणून. बाईंनी त्याला नीट समजावून सांगितलं, की विलायतेत कुणी पाण्याचा पेला पुढे केला तरी आभार मानतात आणि रस्ता सांगितला तरी मानतात. त्यानं मान डोलावली. मग तो उठला तसे बाईंनी त्याचेही आभार मानले, आणि तो बिचारा पुन्हा दारात थबकला.

बाई म्हणजे आमच्या अलिबागच्या मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस. त्यांचं खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक असेल. सगळे त्यांना विलायतबाईच म्हणत. माणसं मूळची रेवदंड्याकडची, बेने इस्रायल, म्हणजे आमच्या कोकणातले ज्यू, घरी तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद म्हणून आमच्याकडे त्यांना शनवार तेली म्हणायचे. बाई शिकल्या, मास्तरीण झाल्या, आणि कुठल्याशा योजनेत त्यांची निवड झाली. तिकडच्या एका शिक्षिकेनं वर्षभर पुण्यात शिकवायचं आणि त्याबदली इकडच्या एकीनं वर्षभर तिकडे शिकायचं, अशी ती योजना. तिकडून आलेली गोरी बाई म्हणे चैत्रातच घामोळ्यांना कंटाळून परत गेली. आमच्या बाई मात्र बर्फात, धुक्यात, उकडलेल्या बटाट्यांवर वर्ष पुरं करून आल्या. तिथलं मटण धर्मानं चालेना, मासे पसंत पडेनात. उरला बटाटा. "इतका बटाटा खाल्ला मी," त्या सांगत, "की मिसेस बेलला वाटायचं हिंदुस्थानात दुसरं काही उगवतच नाही."

ह्या मिसेस बेल म्हणजे बाईंची तिथली घरमालकीण. उत्तरेकडच्या कुठल्याशा गिरणगावात तिच्या माडीवरच्या खोलीत बाई राहायच्या. तिचा नवरा गिरणीत होता, आणि ती स्वतः रोज सकाळी गुडघ्यावर बसून दारापुढची पायरी घासायची. बाईंचं सगळं इंग्लंड त्या पायरीपासून सुरू होई आणि तिच्या स्वैपाकघरात येऊन संपे. आम्हाला ते फार उशिरा कळलं. बाईंना तर त्याहून उशिरा.

शनिवार त्या पाळायच्या, म्हणून रविवारी सकाळी आम्हा मोठ्या मुलींना ओटीवर बोलावत आणि विलायतेच्या गोष्टी सांगत. तिथे साहेब स्वतःचे बूट स्वतः पुसतो. स्टेशनावर स्वतःची ट्रंक स्वतः उचलतो. आठवड्यातून एकदा आंघोळ करतो आणि ती केल्याचं सगळ्या घराला सांगतो. आम्ही तोंडाला पदर लावून खिदळायचो. कलेक्टरसाहेबाची गाडी दिसली की आमचे वडील रस्त्याच्या कडेला पागोटं सावरून उभे राहायचे, आणि इथे बाई सांगताहेत की तसाच एक साहेब रविवारी बायकोच्या हाताखाली वाटाणे सोलत बसतो!

सरकारबद्दल तर विचारूच नका. बाई पार्लमेंट बघून आल्या होत्या. तिथे दोन बाजूंची माणसं समोरासमोर बसून एकमेकांना फाडून खातात आणि मधल्या वेळेत एकाच टेबलावर चहा पितात, हे सांगताना त्यांचा चेहरा नुसता फुलायचा. आमच्या शेजारच्या दोन घरांचं बांधाच्या एका आंब्यावरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, त्यामुळे आम्हाला ते काही केल्या पटायचं नाही. पण बाईंची सगळ्यात आवडती गोष्ट मतांची. निवडणुकीत एक बडा उमेदवार, उद्याचा मंत्रीच म्हणा, मिसेस बेलच्या दारी मत मागायला आला. पायरी नुकती घासलेली. तिनं त्याला बाहेर थांबवून आधी बूट पुसायला लावले, मग मुलांच्या शाळेत दूध का मिळत नाही ते विचारलं. "आणि तो उत्तर देत होता गं, टोपी हातात धरून!" बाई सांगत. "सरकार कसं असावं, तर असं असावं."

आता ह्या गोष्टींत राजद्रोह कुठे आहे? पण रावसाहेबांना तो दिसला. रावसाहेब म्हणजे आमच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष, मोठे वकील, सरकारनं ही पदवी दिल्यापासून मान आखडलेले. साहेब ट्रंक उचलतो असं मुलींना सांगणं म्हणजे राज्याचा पाया खणणं, असं त्यांचं मत. उलट गावातले खादीवाले तरुण म्हणायचे, बाई साहेबाच्या भाट आहेत, उठता बसता इंग्लंडची आरती करतात. मिठाचा कायदा मोडायची धामधूम नुकतीच होऊन गेलेली, गावात आधीच वातावरण तापलेलं. बाईंची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली, आणि गंमत म्हणजे त्यांना दोन्ही दिसत नव्हती.

शेवटी फौजदारानं रविवारी ऐकायला साध्या वेषातला एक शिपाई धाडला. साधा वेष म्हणजे डोक्याला मुंडासं आणि पायात सरकारी बूट. तो अंगणातल्या बदामाखाली बसायचा. तिसऱ्या रविवारी तो सरकत सरकत पायरीशी आला आणि म्हणाला, "बाय, त्या थंडीत तोंडातून धूर निघतो ह्ये खरं हाय का?" बाईंनी त्याला धूर कसा निघतो ते साग्रसंगीत सांगितलं, आणि ऐकल्याबद्दल त्याचे आभार मानले.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण आमचा जीव एका गोष्टीत अडकला होता. शाळा सहावीपर्यंतच होती. सातवीचा वर्ग नाही, म्हणजे फायनलची परीक्षा नाही, आणि फायनल नाही म्हणजे पुढे मास्तरीण होणं वगैरे सगळं बंद. आम्ही चौघी मुली सहावीत होतो. माझे वडील कोर्टात कारकून, स्वभावानं अबोल. त्यांनी सांगून ठेवलं होतं, की सातवी इथे निघाली तर शीक, दुसऱ्या गावी धाडणार नाही. बाई दोन वर्षं वर्गासाठी अर्ज करत होत्या. अखेर कळलं, शाळाखात्याचा मोठा साहेब तपासणीला येतोय आणि वर्ग द्यायचा की नाही ते तोच ठरवणार.

रावसाहेबांची धांदल उडाली. कमान, केळीचे खांब, गुलाबपाणी, साहेबाच्या डोक्यावर छत्री धरायला वेगळा माणूस. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, इतक्या लांब येऊन त्या माणसाला घरची आठवण येत असेल, आपण त्याला घरच्यासारखं वागवू. बाईंच्या डोक्यात 'घर' म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं.

तपासणी मात्र अशी झक्क झाली, की विचारू नका. साहेब उंच, शिडशिडीत, मिशी अशी बारीक की पुसली जाईल असं वाटावं. त्यानं नकाशावर नद्या विचारल्या, आम्ही दाखवल्या. गणितं घातली, सोडवली. माझं शिवण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि मान हलवली. बाईंनी सातवीचं काढलं तेव्हा म्हणाला, अनुकूल विचार करू. रावसाहेबांचा चेहरा पाहून वाटावं, वर्ग त्यांनीच दिला.

मग बाईंच्या ओटीवर चहा. बाईंनी विलायतेहून लुगड्यांत गुंडाळून आणलेले कप काढले होते, नारळाच्या वड्या केल्या होत्या. साहेबानं दोन वड्या खाल्ल्या. बाई त्याच्याशी त्याच्या गावाबद्दल बोलल्या, तो थोडा हसलाही. आम्ही दाराआडून बघत होतो. चहा संपला. बाई उठल्या, कप गोळा करून ओटीवरच्या घंगाळापाशी गेल्या, बाह्या मागे सारल्या, आणि स्वच्छ इंग्रजीत साहेबाला विचारलं, "आपण धुणार, की पुसणार?"

मिसेस बेलच्या घरी पाहुण्याला हेच विचारायची रीत होती. रविवारी कुणी चहाला आलं की उठताना तो हात लावणारच. परक्यासारखं बसवून ठेवणं म्हणजे त्याला आपलं न मानणं. बाईंना वाटलं, ह्याहून मोठा पाहुणचार नाही, वर काय करायचं ते निवडायची मोकळीकही आपण दिली. पण हा साहेब मिसेस बेलच्या गल्लीतला नव्हता. त्याच्या घरी कप कुठे धुतात, हे त्यानं जन्मात पाहिलं नसेल.

रावसाहेब ताडकन उठले, "मी पुसतो, मी पुसतो" म्हणत. पट्टेवाला धावला. बाईंनी हात वर करून दोघांनाही थांबवलं.

"रावसाहेब, आज पाहुणे ते आहेत. त्यांचा मान आपण घ्यायचा नाही."

साहेब कॉलरपासून कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. मग त्यानं हात पुढे केला. बाईंनी त्यात स्वच्छ फडकं ठेवलं. बाई धूत गेल्या, तो पुसत गेला, एकेक कप, नवजात पोराला धरावं तसा दोन्ही हातांनी धरून. बदामाखाली साध्या वेषातला शिपाई झाडाकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. शेवटचा कप झाल्यावर बाईंनी साहेबाचे मनापासून आभार मानले.

पंधरवड्यात हुकूम आले. सातवीचा वर्ग मंजूर झाला, आणि बाईंची तळा नावाच्या आडगावी बदली झाली. हवापालटासाठी, असं त्यात होतं! अलिबागचा समुद्र सोडून तळ्याला हवापालट! रोह्यापर्यंत कशीबशी मोटार, पुढे बैलगाडी, शाळा चौथीपर्यंत, आणि पावसाळ्यात हिवताप ठरलेला. ज्या वर्गासाठी बाई दोन वर्षं झिजल्या त्या वर्गावर त्या शिकवणार नव्हत्या. मला इतका संताप आला, की त्या दिवशी मी जेवले नाही.

खादीवाले तरुण आता हार घेऊन आले. साहेबाला भांडी पुसायला लावणारी वीरांगना म्हणून त्यांना बाईंची मिरवणूक काढायची होती. बाई त्यांच्यावर उखडल्या. "मी त्याला आपलं मानलं, आणि तुम्ही म्हणता अपमान केला?" हार परत गेला. पण जायच्या दिवशी सामान बांधताना त्या मला हळूच म्हणाल्या, "कप पुसायचा कसा, तेच त्याला ठाऊक नव्हतं गं. मी तिथली माणसं पाहिली होती. इथे येणारा साहेब मी पाहिलाच नव्हता." ते कप त्यांनी पारूला देऊन टाकले आणि विलायतेच्या गोष्टी पुन्हा कधी सांगितल्या नाहीत.

वर्षभरानं मी फायनल पास झाले. वडील आपण होऊन म्हणाले, बाईंना पेढे द्यायला जाऊ. तळ्याला पोचेस्तोवर हाडं खिळखिळी झाली. बाई एका गोठ्याला लागून असलेल्या पडवीत लहान पोरींना अक्षरं गिरवायला लावत होत्या. तापानं अंग उतरलेलं, गालफडं बसलेली. मला पाहून त्यांनी आधी माझे गुण विचारले, मग मिठी मारली. वडील अवघडून उभे. पेढ्यांचा पुडा पुढे करून म्हणाले, आपल्या कृपेनं झालं.

"पुढे काय?" बाईंनी विचारलं.

पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं मी काढलं होतं, पण वडिलांनी स्थळ पाहिलं होतं. पेणचं, माणसं चांगली. तसं त्यांनी सांगितलं. बाईंनी पुडा हातात घेतला.

"मला इथे धाडलं त्याचं मी मनाला लावून घेतलं नाही," त्या म्हणाल्या. "वर्ग मिळाला ना, मग झालं, असंच म्हणत आले. पण भाऊ, माझी ही बदली तुम्ही फुकट घालवू नका."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. बाईंनी पुडा सोडला, सगळ्या पोरींना पेढे वाटले, आणि निघताना वडिलांना गाडीपर्यंत पोचवायला आल्या.

आम्ही परत निघालो. रोहा आलं, मोटारीत बसलो, निम्मा रस्ता संपला. मग समोर बघतच वडील म्हणाले, "पुण्याला थंडी फार असते म्हणतात. तुला लोकरीचं काहीतरी घ्यावं लागेल."